पांढरीची माती

आमच्या कलाकेंद्राचा हिशेब मी लिहिते. चित्रातलं तेव्हा मला फार कळत नव्हतं, आताही बेताचंच कळतं. तरी गावात जाऊन कार्यक्रम घ्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ग्रामपंचायतीला पत्र कसं लिहावं हे मला येत होतं आणि केंद्रात चालू स्थितीतली स्कूटी माझ्या एकटीची होती.

केंद्र लातूरला. तीन खोल्या, मागे पत्र्याचं शेड, पुढच्या खोलीत चित्रं लावायची सोय. लातूर हे शिकवण्यांचं गाव, ‘लातूर पॅटर्न’ म्हटलं की कुणालाही फिजिक्स-केमिस्ट्रीच आठवतं. आमच्याकडे पोरं येतात ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. परीक्षा जवळ आली की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. टोपली, तांब्या आणि वांगी मांडून स्थिरचित्र चाललेलं असतं, आणि संध्याकाळी ती वांगी कुणाच्या तरी घरी भाजीला जातात. इंटरमिजिएट झाली की तीच पोरं ब्रश ठेवून नीटच्या क्लासला पळतात. त्यांच्या फीवर आमचं लाइटबिल भागतं, त्यामुळे मी काही बोलत नाही. पण पुढच्या खोलीत लावलेली चित्रं बघायला कुणी म्हणून येत नसे. एक गृहस्थ आठवतात. दारात उभे राहून बराच वेळ आत पाहत होते. मी ‘या ना’ म्हटलं, तर म्हणाले, ‘इथं लॅमिनेशन करून मिळतं का?’

केंद्र चालवणारे आमचे सर निवृत्त कलाशिक्षक. त्यांचं म्हणणं, लोक येत नाहीत तर आपण जाऊ. जायचं म्हणजे पैसे आले. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकामावर खर्चायचे असतात. अशा एका कंपनीकडे आम्ही अर्ज केला. अर्जात रकाने: लाभार्थी किती, वयोगट कोणता, परिणाम कसा मोजणार. मी लिहिलं, 8 ते 14 वर्षे, चाळीस मुलं, दहा रविवार. परिणामाच्या रकान्यात ‘मुलांमध्ये वारशाविषयी जाणीव’ असं काहीतरी ठोकून दिलं. पहिला हप्ता आला तेव्हा मला जरा लाजच वाटली.

उपक्रम सरांनी ठरवला: अजिंठ्याची भिंत. शहरातल्या एका शाळेत त्यांनी तो घेतला होता आणि तिथं मुलं खूश होती. अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर काढलेली नाहीत. खडबडीत ठेवलेल्या दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि झाडपाल्याचे तंतू, वर आणखी बारीक लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. पिवळा नि तांबडा मातीचा, काळा काजळीचा, हिरवा दगडाचा. निळा तेवढा बाहेरून आणलेल्या लाजवर्दाचा. सर हे सांगायला लागले की मी हिशेबाची वही मिटते. एक फूट बाय एक फूट प्लायवर मुलांनी तसाच गिलावा द्यायचा, वाळू द्यायचा नि त्यावर चित्र काढायचं, असा बेत. प्लायचे चाळीस तुकडे मी स्वतः घासाघीस करून आणले.

गाव औसा तालुक्यातलं निवडलं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी सरांचे जुने विद्यार्थी, एवढंच कारण. सरपंचांना पत्र, मुख्याध्यापकांना पत्र, शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांना फोन, रविवारी शाळेची चावी कुणाकडे राहणार यावर दोन बैठका, यात तीन आठवडे गेले. पोहे गावातल्याच बचत गटाकडून करून घ्यायचे ठरलं. सगळ्या कार्यक्रमात पहिल्या दिवसापासून बरोबर निघालेला निर्णय हाच एक.

गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सरळ रस्ते, काटकोनातली वळणं, एकाच साच्यातली घरं, हे फाट्यावरूनच दिसतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातुरात नववीत होते. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक दमून झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आम्ही रस्त्यावर आलो, आमच्या भिंतीला तडा गेला, एवढ्यावर निभावलं. औसा-उमरगा भागात गावंच्या गावं झोपेत गेली. हे सगळं माहीत असून मी प्लाय, तूस आणि एक ट्रॉली मातीची सोय करत होते.

पहिल्या रविवारी सरांनी मुलांना आधी कागद दिले. म्हणाले, आपलं घर काढा. निम्म्या मुलांनी दोन डोंगर, मधून सूर्य, नारळ आणि कौलारू उतरतं छप्पर काढलं. या गावात डोंगर नाही, नारळ नाही. कौलारू छप्पर आज नाही आणि जुन्या गावातही नव्हतं. तिथं सगळी माळवदं होती, मातीची सपाट छपरं. सर काही बोलले नाहीत, कागद गोळा करून ठेवले. मग अंगणात माती भिजवली. चिखल तुडवायला पोरं तुटून पडली. तूस कुणी पेरावं यावरून भांडणं, अंगभर शिंतोडे. मी फोटो काढत होते. फोटोत कंपनीचा बॅनर यायला हवा, ही अट होती.

एक म्हातारी नातवाला जेवायला बोलवायला आली. फाटकापाशीच थांबली.

‘काय करूलालाव रे?’

‘भिंत करूलालाव आज्जी. मातीची.’

ती चिखलाकडे बघत राहिली. मग चालत आली, नातवाचा दंड धरला. ओरडली वगैरे नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मातीच्या भितीखालून माझी दोन लेकरं काढली बाई. आन तुमी ह्येला भित करायला शिकवूलालाव.’

पोराला घेऊन गेली. चिखलाचेच पाय, धुवूही दिले नाहीत.

बाकीची मुलं गप्प झाली. कुणीतरी हौदाकडे पाय धुवायला गेलं, मग एकेक करून सगळीच. चार फूट रुंदीच्या भिंती, दगड-मातीच्या, वर लाकडावर पसरलेलं हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं त्या रात्री माणसांच्या अंगावर आली. हे मला पाठ होतं. परतताना स्कूटीवर मागे सर बसले होते. औश्यापर्यंत एक शब्द नाही. औश्यात चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, ‘मी चाळीस वर्षं कुठल्या शाळांत शिकवत होतो गं?’ मला उत्तर सुचलं नाही. मी चहाचे पैसे दिले.

दुसऱ्या रविवारी अकरा मुलं आली. प्लायवरचा गिलावा वाळून तडकला होता, तुकडे व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेले. सरांनी ते उचलून मागच्या खोलीत नेले. त्या दिवशी कागदावर बैल काढले. बरे काढले पोरांनी. पण कार्यक्रम बसला होता, हे मला कळत होतं. कंपनीला कसं कळवायचं याचा मसुदाही मी मनात लिहायला घेतला होता.

तिसऱ्या रविवारी शाळेत चिटपाखरू नाही. येळवस होती, म्हणजे वेळा अमावास्येचा शेतातल्या पूजेचा सण, नि आम्हा दोघांच्याही ती डोक्यातून गेलेली. लातूर-धाराशिवच्या माणसानं येळवस विसरावी हा गुन्हाच. सगळं गाव शेतात. परत फिरणार तेवढ्यात आज्जीचाच तो नातू सायकलवर आला. ‘आज्जीनं बलिवलंय. जेवायला.’

शेतात कडब्याची कोप उभी केलेली. आत पाच दगड मांडलेले, पांडव. आज्जी त्यांना चुना लावत बसली होती. ब्रश नाही, चिंधी नाही. वाटीत बोट बुडवून. आधी पांढरा हात, मग कावेचे तांबडे पट्टे, दोन बोटं शेजारी-शेजारी ठेवून एका ओढीत. पट्टा मध्ये कुठं तुटत नव्हता. सरांनी मला कोपरानं ढोसलं. पूजा झाली, आम्हाला पत्रावळीवर भज्जी, उंडे, ज्वारीची आंबिल वाढली. मागच्या वेळचा विषय तिनं काढला नाही, आम्हीही काढला नाही. जेवून झाल्यावर सरांनी विचारलं, ‘ही बोटं कुठं शिकलात?’

‘शिकायचं काय त्यात? जुन्या घरी देवळीला वढायची मी. दिवाळीला, पंचमीला.’

‘देवळी कुठं होती?’

आता मी हा प्रसंग बऱ्याच जणांना सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी लोकांना वाटतं की तिला रडू आलं असणार. तसं काही झालं नाही. तिनं काडी घेतली आणि तिफणीनं ओढावी तशी जमिनीवर रेघ मारली. हा दरवाजा. ही ढाळज. इथं बळद, ज्वारीचं. इथं चूल, तिच्या डोक्यावर देवळी. तिचा दीर शेजारी तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, ‘वहिनी, बळद ह्या अंगाला. मी कितीदा उतरलोय त्यात.’ ‘तू तुज्या घरच्या बळदात उतरलास.’ झालं, दोघांचं जुंपलं. बघता बघता बाजूच्या शेतातले आणखी तिघे आले. तासाभरात कोपीपुढच्या मोकळ्या जागेत अर्धी गल्ली उमटली आणि मारुतीच्या पाराला पिंपळ होता का लिंब, यावरून दोन म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले.

पुढच्या रविवारपासून आमचा कार्यक्रम आम्ही ठरवायचं सोडून दिलं. शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर खडू. आजी-आजोबा खुर्च्यांवर किंवा भिंतीला टेकून, मुलं जमिनीवर. म्हातारे सांगणार, मुलं काढणार. वेशीतून आत आलं की उजव्या हाताला काय? आडाला किती पायऱ्या? मुलांना पहिल्यांदा कळलं की घर वरून बघितल्यासारखंही काढता येतं. सरांनी शिकवलं ते तेवढंच, आणि मापं. मापाला एक सुतारआजोबा भेटले. त्यांना गावातली घरं खणांवर पाठ होती. पाटलांचं सोळा खण, वाण्याचं नऊ. खांबांमधल्या त्या अंतरावरून सर प्रमाण काढायचे. एक खण म्हणजे चार बोटं, असं ठरलं. फरशीवरचं पक्कं झालं की ते मांजरपाटावर उतरवायचं. सात हात लांब, पाच हात रुंद कापड, पन्ने जोडून शिवलेलं, खळ देऊन ताठ केलेलं.

पोहे आता साठ माणसांचे लागायला लागले. बचत गटाच्या बायका हसत होत्या, मी हिशेब करत होते.

पाचव्या-सहाव्या रविवारची गोष्ट. कापड जवळपास भरत आलं होतं, सगळे खुशीत. सातवीतली एक मुलगी दोन्ही हात मागे बांधून कापडाभोवती पूर्ण फेरी मारून आली. मग सरांना म्हणाली, ‘आमची घरं कुठं हायत?’

हॉलमध्ये जे शांत झालं, ते शांत होणं मला चिखलाच्या दिवशीपासून ओळखीचं होतं. एक जण घसा खाकरून म्हणाला, ‘ती वस्ती वेशीभायेर होती. कापड वेशीपाशी संपलं ना.’ खरंच संपलं होतं. इतके रविवार इतकी माणसं बोलली आणि वेशीबाहेर काय होतं हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. हॉलमध्ये त्या वस्तीतलं एकही म्हातारं माणूस नव्हतं, हेही मला तेव्हाच दिसलं. नव्या गावात घरं दिली ती जमिनीच्या मानानं, 250, 400 आणि 750 चौरस फुटांची. ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला कुठलं आलं हे सांगायला नको.

मी स्कूटी काढून औश्याला गेले, मांजरपाटाचा आणखी एक पन्ना आणला. बचत गटातल्या एकीच्या मशीनवर तो जोडून घेतला. घाईत शिवल्यामुळे शिवण जराशी चुणली आहे, अजून दिसते. पुढच्या रविवारी त्या मुलीचे आजोबा आले. फाटकात थांबले, सर आणायला गेले. त्यांनी सांगितलं ते सलग, मध्ये कुणी चूक काढली नाही. काढणार कोण? त्या बाजूचं बाकीच्यांना ठाऊकच नव्हतं. तिथं त्यांचा स्वतःचा एक आड होता, निम्मा दगडांत बांधलेला. तो मुलीनं स्वतः काढला, दगड एकेक करून.

रंगांचं मात्र अडलं होतं. पोस्टर कलरनं घरं भरायची म्हटलं तर सरांच्या जिवावर येत होतं, मातीचं नाव काढायची आमची छाती नव्हती. मार्ग मुलांनीच काढला. चार-पाच जण सायकली घेऊन जुन्या गावठाणात गेले. तिथं आता बाभळी आणि ढिगारे. येताना कॅरीबॅगमध्ये माती घेऊन आले. गावठाणाची माती ती पांढरी, शेताची ती काळी, हे आपण म्हणीसारखं बोलतो. मी पांढरी अशी हातात पहिल्यांदा घेतली. राखेसारखी, मऊ, मध्ये खापराचा एक तुकडा. आम्ही पिशवी तशीच बांधून ठेवली आणि सर्वांसमोर विचारलं. पुरुष मंडळी ‘वापरा की’ म्हणाली. मी आज्जीकडे बघत होते. तिनं पिशवी उघडायला लावली, आत हात घातला, चिमूट उचलून दोन बोटांत चोळली.

‘लावा. पन भित नका करू.’

मग दोन रविवार रंग करण्यात गेले. मला कामाचा हा भाग सगळ्यांत आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते. माती बादलीत भिजवायची, ढवळायची, शंभर मोजायचे. तेवढ्यात खडे आणि जाड कण खाली बसतात. वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि ते रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकलं की तळाला साईसारखा थर राहतो. तो ओढणीतून गाळायचा (ओढणी माझी गेली), ताटात वाळवायचा, पाट्यावर वाटायचा. बाभळीचा डिंक आदल्या रात्री भिजत घातलेला असतो, तो गाळून त्यात घोटायचा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला रंग येतो, जास्त झाला तर रंग चकाकतो आणि पुढं पापुद्रे सुटतात. प्रमाण वहीत लिहून घ्यायला मी बसले, तर सर म्हणाले, प्रत्येक मातीचं निराळं असतं, बोट लावून बघ. पांढरीनं घरं भरली, शेतातल्या काळीनं रस्ते, कावेनं देवळं. आड निळीनं, कपड्याला देतात त्या.

एका रविवारी कंपनीकडून दोघे पाहणीला आले. चांगले लोक होते, आज्जीच्या पाया पडले. पण अर्जात अजिंठा होता, इथं अजिंठा कुठं? लाभार्थी 8 ते 14 वयोगटातले, मग ही सत्तरीची मंडळी कोणत्या रकान्यात? मी समजावलं, सरांनी समजावलं. दुसरा हप्ता चार महिने अडकला. मधल्या काळात पोह्यांचे पैसे सरांच्या पेन्शनमधून गेले. शेवटी मी सुधारित अहवाल लिहिला आणि त्यात म्हाताऱ्यांना ‘स्थानिक मार्गदर्शक’ केलं. मार्गदर्शकांना रकाना होता. पैसे आले. परिणामाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही, तिथं मी कापडाचा फोटो डकवला.

कापड लातूरला केंद्रात लावलं. पुढच्या खोलीची एक भिंत पुरेना, कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीवर न्यावं लागलं. वेशीबाहेरचा पन्ना नेमका कोपऱ्यात येत होता, म्हणून सगळं उतरवून उलट बाजूनं पुन्हा लावलं. गावातून दोन टमटम भरून माणसं आली. चपला कुठं काढायच्या यावर दारात गर्दी झाली. कुणी म्हटलं, घालूनच चला, तर म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही. कापडावर आपली पांढरी होती, तिच्यापुढं चपला घालून कसं जायचं? दाराबाहेर पन्नासेक जोड. समोरचा झेरॉक्सवाला येऊन विचारून गेला, आत कीर्तन आहे का.

आज्जी आपल्या घरापुढं बराच वेळ उभी होती. नातू दाखवत होता, ही ढाळज, ही देवळी. तिनं मान हलवली. ‘दरवाजा चुकलाय. उगवतीला होता. ह्यानी दक्षिणेला काढला. दक्षिणेला कोन दरवाजा ठिवतंय?’

दीर म्हणाला, ‘येळवशीला तूच रेघ मारली व्हती, वहिनी.’

‘तवा मी पश्चिमेकडं तोंड करून बसले व्हते.’

सर आतून पांढरीच्या रंगाची वाटी आणि ब्रश घेऊन आले. तिनं ब्रश घेतला नाही. दोन बोटं वाटीत बुडवली, शेजारी-शेजारी ठेवली आणि उगवतीच्या भिंतीवर एका ओढीत दरवाजा ओढला. जुना दरवाजा पुसायला सरांनी ओलं फडकं आणलं होतं. ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या, पोरानं काढलाय.’

साडेचारला टमटम निघाल्या. वाटी धुवायची राहिली, रंग तिच्यात वाळून बसला. तेव्हापासून बघायला येणारा कुणी ना कुणी त्या घरापाशी थांबतो आणि विचारतो, ह्याला दोन दरवाजे कसे.